गाव बारा किलोमीटर जवळ आलं

आमचे आबा एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, पण गाडीत बसताना आणि उतरताना मीटरचा आकडा डायरीत टिपून घ्यायची सवय गेली नाही. कोथरूडचं आमचं पार्किंग ते पन्हाळ्याच्या अलीकडच्या आमच्या गावातलं अंगण, २५१ किलोमीटर. कराडात जेवायला आत शिरलो तर दोन वाढतात, एवढंच. गेली कित्येक वर्षं डायरीत हाच आकडा. मागच्या दिवाळीला अंगणात गाडी लावली, आबांनी वाकून मीटर बघितलं आणि म्हणाले, “दोनशे एकोणचाळीस? गाव काय सरकलं व्हय रं तुझ्यासाठी?”

मी हसण्यावारी नेलं. ट्रिपमीटर उशिरा शून्य केला असेल, म्हटलं. पण आबा ट्रिपमीटर बघतच नाहीत. ते मोठ्या आकड्यातून मोठा आकडा वजा करतात, आणि वजाबाकीत ते चुकत नाहीत.

गाडी म्हणजे २०१६ची थार, सीआरडीई, सेकंडहँड घेतलेली. दिवाळीच्या आधी महिनाभर टायर बदलले होते. जुन्या टायरच्या बाजूंना भेगा पडल्या होत्या, त्यामुळं बदलणं भागच होतं. पण मूळ माप २३५/७० आर १६ असताना मी २४५/७५ आर १६ टाकले, ते भागच होतं असं नाही. गाडी जरा उंच, जरा रुबाबदार दिसावी एवढाच हेतू. बायकोला मात्र खड्ड्यांचं कारण सांगितलं होतं. पाचवा टायर घ्यायचे पैसे वाचवले आणि स्टेपनी जुन्याच मापाची ठेवली. त्या कंजूषपणाचा पुढं उपयोग झाला, ते सांगतोच.

टायरवरच्या आकड्यांत सगळं लिहिलेलं असतं. २३५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी, ७० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या सत्तर टक्के, १६ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. रिमचे ४०६.४ मिलिमीटर अधिक दोन भिंतींचे ३२९, म्हणजे जुना टायर ७३५.४ मिलिमीटरचा. नवा त्याच हिशेबानं ७७३.९. फरक सव्वापाच टक्के. चाक मोठं म्हणजे एका फेऱ्यात गाडी जास्त पुढं जाते. मीटरला मात्र फेऱ्याच कळतात, गाडी किती पुढं गेली ते कळत नाही. म्हणून गाव जवळ आलं.

इथपर्यंत कुणीही सांगेल. मला चक्रावून टाकलं ते वेगळ्याच गोष्टीनं. टायर टाकले त्याच दिवशी मी हायवेला जाऊन फोनच्या जीपीएसशी काटा ताडून पाहिला होता. जुन्या टायरवर काटा ८० दाखवायचा तेव्हा फोन ७६ म्हणायचा. नव्या टायरवर काटा ८० आणि फोनही ८०. तंतोतंत. मी तर चार जणांना फुशारकीनं सांगितलं होतं की मोठ्या टायरनं मीटर उलट दुरुस्त झालं! मग काटा बरोबर आणि किलोमीटर चूक हे कसं? दोन्ही एकाच सेन्सरवर चालतात. माझ्या गाडीत एबीएस नाही, चाकाचाकाला सेन्सर नाहीत. मागच्या चाकांकडे शाफ्ट जातो तिथं खाली एक सेन्सर बसवलेला आहे, त्याची एक वायर मीटरकडे येते आणि त्या एकाच वायरीवर काटाही हलतो आणि किलोमीटरही पडतात.

परतीच्या प्रवासात आबांनी दुसरा बॉम्ब टाकला. एसटीत डिझेलचा हिशेब लिटरला किती असा होत नाही, दहा लिटरला किती असा होतो, त्याला केपीटीएल म्हणतात. आबा आजही घरच्या गाडीचा केपीटीएल काढतात. “एकशे पंचवीसची गाडी एकशे चौदावर आली. पितीया.” माझं तोंड कडू झालं.

पुण्यात आल्यावर भाच्याला बोलावलं. तो इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि त्याच्याकडं ब्लूटूथ डोंगल आहे, गाडीच्या ओबीडी सॉकेटला लावला की इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले आकडे फोनवर दाखवणारा. डोंगल लावून, फोनचं जीपीएस चालू ठेवून आम्ही दोघं चांदणी चौकातून बायपासला लागलो. मी काटा ८० वर धरला. जीपीएस ८०. भाचा डोंगलचा आकडा वाचतो, “मामा, शहात्तर.” पुन्हा बघ म्हटलं. पुन्हा शहात्तर.

कोडं सुटायला तेवढं पुरे होतं. इंजिनाच्या ईसीयूला, म्हणजे त्याच्या कॉम्प्युटरला, जो वेग कळतो तो कोरा वेग, जुन्या टायरच्या मापानं मोजलेला. शाफ्टच्या फेऱ्यांवरून त्याला वाटतं ७६. खरा वेग ८०, कारण टायर मोठे. आणि काटा ८० दाखवतो तो टायरमुळं नाही, तर मीटर बनवणाऱ्यानं मुद्दाम पाच टक्के चढवून ठेवलेत म्हणून. म्हणजे कंपनीची थाप आणि माझी चूक नेमकी एकाच मापाची निघाली आणि एकमेकींना खाऊन बसली.

ही थाप काही माझ्याच गाडीची नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीत ३९ क्रमांकाचा नियम स्पीडोमीटरचा आहे. काट्यानं खऱ्या वेगापेक्षा कमी कधीही दाखवायचं नाही, जास्त दाखवलं तर चालेल, खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक चार किलोमीटर इतकं. म्हणजे खरे ८० असताना काट्यानं ९२ दाखवले तरी पास, ७९ दाखवले तर नापास. त्यामुळं मीटर बनवणारे काटा थोडा पुढंच ठेवतात. किलोमीटरच्या आकड्याला मात्र असं काही चढवायचं कारण नसतं. तो बिचारा सरळ मोजतो. म्हणून जुन्या टायरवर काटा खोटा आणि किलोमीटर खरे होते, नव्यावर काटा खरा आणि किलोमीटर खोटे झाले. दोन्ही एकदम खरे व्हायचा मार्गच नव्हता.

बायको म्हणाली, “काटा बरोबर आहे ना? मग राहू दे की.”

विचार केला तर तिचं बरोबर होतं. ऑइल बदलायला दहा हजारांऐवजी साडेदहा हजारांनी गेलो तर इंजिन काही रुसणार नाही. गाडी विकताना घेणाऱ्याला लाखामागं पाच हजार किलोमीटर कमी दिसतील, ते मनाला बरं वाटत नाही, हे खरं. पण खरंच सांगायचं तर मला डायरीत २५१ हवे होते, बाकी सगळे बहाणे.

आधी सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या मुलानं टायरकडं बघितलं आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ ऐकवलं. कंपनीनं ठरवलेल्या मापाला सोडून बदल करायचा नाही. नव्या थारच्या खालच्या मॉडेलला २०२० पासून कंपनी हेच माप देते, असं मी म्हणून बघितलं. तो म्हणाला, ते त्या गाडीला. यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही. मीटरमध्ये टायरचं माप बदलता येतं का विचारलं, तर आमच्या मशीनमध्ये तुमच्या मॉडेलला तसा पर्याय दिसत नाही म्हणाला. जुने टायर परत टाका, हा त्याचा सल्ला. तो फुकट होता.

मग शोधाशोध. अमेरिकेतल्या जुन्या रँग्लर जीपवाल्यांचं बरं आहे. त्यांच्या ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीत, सेन्सरच्या टोकाला एक छोटं प्लास्टिकचं दातेरी चाक असतं. टायर मोठे टाकले की कमी दात्यांचं चाक आणून बसवायचं, काम फत्ते. आपल्या जुन्या केबलवाल्या गाड्यांतही मुळात दात्यांचाच खेळ. माझ्या गाडीत बदलायला दातेच नव्हते, नुसते पल्स होते, म्हणजे सेन्सरकडून येणारे विजेचे ठोके.

पल्स बदलणारी डबी बाजारात मिळते असं कळलं. मीटरच्या कामांचं एक छोटं दुकान सापडलं, तिथं गेलो. दुकानदार डब्यातून माल काढता काढता सहज विचारतो, “किती कमी करायचंय?”

“काय कमी?”

“किलोमीटर. निम्मं करू? का पूर्ण थांबवू? स्विच देतो, हवं तेव्हा बंद.”

म्हटलं, मला वाढवायचेत.

त्यानं हातातलं काम ठेवलं. मी चेष्टा करतोय का ते बघत राहिला. “साहेब, वाढवायला कुणी येत नाही,” म्हणाला. ती डबी फक्त पल्स गाळायची, घालायची नाही. सगळ्या दुकानात किलोमीटर वाढवणारं एकही यंत्र नव्हतं. यापुढं सेकंडहँड गाडी घेताना मीटरचा आकडा मी फारसा मनावर घेणार नाही. माझ्याच गाडीचा आकडा मी कुठल्या भरवशावर खरा धरला होता, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा पडला.

“आपण बनवू,” भाचा म्हणाला. “अर्डुइनो नॅनो, म्हणजे बोटाएवढा कॉम्प्युटर, दोन रेझिस्टर, एक ट्रान्झिस्टर. सातशेच्या आत.”

बनवण्याआधी नेमकं किती वाढवायचं ते ठरवायला हवं होतं. कागदावरचे सव्वापाच टक्के मला पटत नव्हते, कारण गाडीचं वजन पडलं की टायर खाली चेपतो. रेडियल टायर एका फेऱ्यात व्यासाच्या ३.१४ पट जात नाही, साधारण ३.०५ पट जातो. शिवाय दोन कंपन्यांचे एकाच मापाचे टायरही मोजून सारखे भरत नाहीत. म्हणून रविवारी पहाटे साडेपाचला, सोसायटीबाहेरच्या सपाट रस्त्यावर, खडू आणि मोजपट्टी. पुढच्या डाव्या टायरवर खडूची रेघ, तिच्या बरोबर खाली रस्त्यावर रेघ, आणि गाडी न्यूट्रलमध्ये ढकलायची. वॉचमन आधी संशयानं बघत होता, मग ढकलायला आला. दहा फेऱ्यांना २३.६२ मीटर. मग तिथंच जॅक लावून जुन्या मापाची स्टेपनी चढवली, हवा तेवढीच भरली आणि पुन्हा दहा फेरे. २२.४७ मीटर. पाचवा टायर घेतला असता तर हा आकडा कुठून आणला असता? भागाकार १.०५१. आबांच्या २५१ ला १.०५१ नं भागा, २३८.८ येतात. खडू आणि डायरी एकमेकांना भेटली, तेव्हा मी रस्त्यावरच उकिडवा बसून हसलो.

स्टेपनी लगेच काढली. जुन्या मापाचं चाक एका कोपऱ्यात असताना फोर बाय फोर चुकूनही टाकू नये. या गाडीत पुढचा आणि मागचा शाफ्ट तेव्हा एकमेकांना बांधले जातात, मधे डिफरन्शियल नसतं. चाकं वेगवेगळ्या गतीनं फिरायला बघतात आणि सगळा पीळ ट्रान्सफर केसवर येतो. चिखलात घसरून तो पीळ सुटतो, डांबरावर सुटत नाही.

सामान तपकीर गल्लीतून आणलं. मीटर उघडून मागचा कपलर काढला आणि वेगाची वायर शोधायला लागलो. वायरींच्या रंगांवर विसंबू नका, आमच्या आधीच्या मालकानं कुठं काय जोडलं होतं देव जाणे. आम्ही किल्ली ऑनवर ठेवली, मल्टीमीटर लावला आणि वॉचमनला गाडी हळूहळू ढकलायला सांगितली. ज्या वायरीवर आकडा शून्य आणि बारा व्होल्टच्या मधे उड्या मारायला लागला, ती आपली. सेन्सर हॉल इफेक्टचा, म्हणजे चुंबकीय क्षेत्र ओळखणारा, असल्यामुळं तो गाडी अगदी गोगलगायीच्या चालीनं चालली तरी सिग्नल देतो.

इथं एक निर्णय घ्यावा लागला. डबी सेन्सरपाशीच बसवली तर मीटर आणि ईसीयू दोघांनाही वाढवलेला वेग जाईल. मीटरच्या फाट्यावर बसवली तर फक्त मीटरला. मला आधी वाटलं, दोघांना खरं कळलेलं चांगलं. भाच्यानं अडवलं. इंजिनाचे आरपीएम आणि शाफ्टचा वेग यांचं गुणोत्तर प्रत्येक गिअरला ठरलेलं असतं, टायर बदलून ते बदलत नाही. ईसीयू त्याच्याकडच्या तक्त्यावर सुखी आहे, त्याला कशाला डिवचायचं? म्हणून मीटरच्याच फाट्यावर जोडायचं ठरलं. कंपनीची एकही वायर कापली नाही. दोन जुने कपलर आणून मधे जोडणी केली, म्हणजे डबी बिघडली तर काढून दोन मिनिटांत गाडी होती तशी.

सर्किट साधं. गाडीचे बारा व्होल्ट, अल्टरनेटर चालू असताना चौदाच्या पुढं, नॅनोला झेपत नाहीत. म्हणून सिग्नलच्या वाटेत दहा किलोओहम आणि ४.७ किलोओहमची जोडी टाकली की साडेचारच्या आसपास येतात. बाहेर पडताना बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, जो मीटरची वायर सेन्सरसारखीच खाली ओढतो. पॉवरला व्होल्टेज उतरवणारा बक कन्व्हर्टर आणि अर्ध्या अँपिअरचा फ्यूज.

पहिला प्रोग्राम भाच्यानं दहा मिनिटांत लिहिला. वीस पल्स आले की एकवीस पाठवायचे. पाच टक्के झाले, आणखी काय पाहिजे? किलोमीटर झकास पडायला लागले, पण काट्याला उचकी लागली. दर विसाव्या पल्सला जादाचा एक घुसला की काटा टुणकन उडायचा. सावकाश चालवताना तर बघवत नव्हतं. शेजारी बायको बसली होती. “आधी बरा होता,” एवढंच म्हणाली.

दुसरा प्रोग्राम जास्त हुशार होता. दोन पल्समधला वेळ मोजायचा, त्याला १.०५१ नं भागायचं आणि तेवढ्या अंतरानं नवे पल्स सोडत राहायचे. घरी टेबलावर उत्तम चालला. रस्त्यावर साठला उत्तम, ऐंशीला उत्तम. कर्वे रोडच्या गर्दीत आलो आणि चाळीसच्या खाली उतरताच काटा १२० वर! मागं पीएमटीची बस हॉर्न मारतेय, गाडी रांगतेय आणि मीटर म्हणतंय एकशेवीस. (पीएमपीएमएल म्हणायला हवं, पण जीभ वळत नाही.)

भाचा दोन रात्री त्यावर बसला. दोष शेवटी सापडला तो घड्याळात. नॅनोमधला वेळ मोजणारा टायमर १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३५ पर्यंतच मोजतो आणि पुन्हा शून्यावर येतो. त्यानं तो अर्ध्या मायक्रोसेकंदाच्या टिकटिकीवर लावला होता, त्यामुळं सुमारे ३३ मिलिसेकंदांत मोजणी भरून जायची. गाडी हळू झाली, दोन पल्समधलं अंतर त्याहून लांबलं, की टायमर एक फेरा मारून पुन्हा छोटा आकडा द्यायचा. छोटा वेळ म्हणजे मोठा वेग. टिकटिक चार मायक्रोसेकंदांची केली, मोजणीला पाव सेकंद मिळाला, आणि त्याहूनही उशीर झाला तर गाडी थांबली असं समजून पल्स बंद. ही शेवटची ओळ विसरला असता तर सिग्नलला उभ्या गाडीचे किलोमीटर पडत राहिले असते.

डबी गोंदानं बंद करून डॅशबोर्डमागं बांधली आणि पुन्हा तिघं साक्षीदार घेऊन बायपासला गेलो. जीपीएस ८०. काटा ८४. डोंगल ७६. एका गाडीत एकाच वेळी तीन वेग, आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर. काटा पुन्हा कंपनीइतकाच खोटा बोलायला लागला होता, आणि मला त्याचा आनंद होता. पण माझं नशीब की फरक पाचाचाच होता. २६५/७५ आर १६ टाकणाऱ्यांचा फरक नऊच्या पुढं जातो. माझ्यासारखंच पाच टक्के चढवलेलं मीटर असेल, तर काटा शंभरावर असताना त्यांची गाडी एकशे चारनं धावत असते, आणि कॅमेऱ्याला काट्याशी काही देणंघेणं नसतं.

आबांच्या केपीटीएलचाही निकाल लागला. ११४ ला १.०५१ नं गुणलं की १२० येतात. अकरा गेले असं वाटलं होतं, त्यातले सहा मुळात गेलेच नव्हते. उरलेले पाच खरे गेले, जड टायर आणि त्यांचे खोल दाते ओढण्यात. ते मी कबूल केलं. आबांनी डायरीत मागं जाऊन दिवाळीच्या नोंदीवर काट मारली नाही, शेजारी बारीक अक्षरात ‘टायर’ असं लिहिलं.

टायर घासतील तसा व्यास कमी होईल. संपेपर्यंत दोनेक टक्के जातील, म्हणजे कधीतरी १.०५१ चं १.०३ करावं लागेल. भाच्यानं त्यासाठी डबीला एक छोटा स्क्रू ठेवलाय. तो मी अजून फिरवलेला नाही.

संक्रांतीला गावी गेलो. कोथरूडहून निघताना आबांनी आकडा टिपला, आणि या वेळी मीही हट्टानं ट्रिपमीटर शून्य केला. कराडात आत शिरलो नाही. अंगणात गाडी लावली, किल्ली बंद करायच्या आत आबा वाकले. ट्रिपमीटरवर २५०.६.

डायरी उघडली, पेन काढलं, थांबले. म्हणाले, “चारशे मीटर कुठं सांडलास?”